रुस्ताकचा रुतब

मस्कतमधल्या आमच्या हमरियात रुतब आला. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं सकाळीच पुठ्ठ्याचे खोके फुटपाथवर मांडले आणि त्यांच्यावर ओलं फडकं टाकलं. रुतब म्हणजे झाडावर अर्धा पिकलेला ताजा खजूर. एका टोकाला पिवळा नि कडक, दुसऱ्या टोकाला तपकिरी, मऊ, बोट लावलं तर साल सुटावी असा. आपल्याकडे रमजानात मिळतो तो काळा चिकट खजूर याचा म्हातारा भाऊ. उन्हाळा तोंडावर आला की रुस्ताककडच्या बागांमधून तो उतरतो आणि मस्कतमधली माणसं एकमेकांच्या घरी पाठवायला लागतात. पहिला रुतब एकट्यानं खायचा नसतो, अशी इथली रीत आहे.

मी खोक्यासमोर थांबले. एसीतून बाहेर आल्यावर चष्म्यावर वाफ धरते, ती ओढणीनं पुसली. दुकानदार मला चेची, म्हणजे मल्याळीत ताई, म्हणतो. म्हणाला, "चेची, ले जाओ. रुस्ताक का है, एकदम फर्स्ट माल." मी त्याला नको म्हटलं, कोथिंबीर घेतली आणि घराकडे वळले. आमच्या घरात रुतब येत नाही. नवऱ्याला चालत नाही. डॉक्टरांनी वगैरे काही सांगितलेलं नाही, त्याचं त्यालाच चालत नाही.

या दिवसांत इथे सगळंच उलटं होतं. गच्चीवरच्या टाक्या तापतात आणि गार पाण्याच्या नळाला चहा करता येईल असं पाणी येतं. म्हणून गीझर बंद ठेवायचा आणि त्याच्या टाकीतलं निवलेलं पाणी अंघोळीला घ्यायचं. गरम नळातून गार पाणी घेणारी आम्ही माणसं. नवीन आलेल्या सुनांना हे समजावताना पूर्वी मला फार हसू यायचं. हल्ली येत नाही. या दमट हवेत जिन्याच्या कठड्याला हात चिकटतो, शेजारच्या मल्याळी घरातला तळणीचा वास दुपारपर्यंत जिन्यात तसाच राहतो, आणि मला दोन हजार तेराचा उन्हाळा आठवतो. आठवू नये म्हटलं तरी आठवतो.

मी फिलोमिना, मूळची वसईची. रुवीतल्या एका ऑफिसात स्टेनो आहे. आमचं ऑफिस लवादाच्या कामांना माणसं पुरवतं. लवाद म्हणजे दोन कंपन्यांनी आपलं भांडण कोर्टात न नेता दोघांना मान्य असलेल्या एका माणसापुढे ठेवायचं आणि तो देईल तो निवाडा मान्य करायचा. बोलणारे बोलतात, मी शॉर्टहँडमध्ये उतरवून घेते. मशीनवर रेकॉर्डिंग होतंच, पण मशीनला कोण कोणावर खेकसलं ते कळत नाही. त्या वर्षी डोंगरातल्या पुरात वाहून गेलेल्या एका पुलाचं भांडण होतं. एक कंपनी परदेशी, दुसरी इथली. आणि निवाडा करायला आले होते कॅनडाचे एक निवृत्त जज्ज.

तसे निवृत्त जज्ज पुष्कळ पाहिले. बहुतेकांना खुर्ची सुटली तरी खुर्चीची सवय सुटत नाही. हे मात्र स्वतःची बॅग स्वतः उचलायचे. उंच, खांद्यात वाकलेले, कान मोठे, आणि बूट इतके जुने की आमचा ऑफिसबॉय मला म्हणाला, "मॅडम, ये सच में जज है?" त्यांच्या प्रांतातल्या सगळ्या न्यायाधीशांचे ते मुख्य होते, हे मला त्यांच्या माहितीच्या कागदावरून कळलं. त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नाही.

मधल्या सुट्टीत दोन्हीकडचे वकील जेवायला बाहेर पळायचे. सर तिथेच बसून हॉटेलातून बांधून आणलेलं सँडविच खायचे आणि खोलीचं दार सताड उघडं ठेवायचे. एसीची हवा बाहेर जाते म्हणून मी एकदा दार लावायला गेले, तर म्हणाले, "राहू दे. माझ्याकडे कोण येतं-जातं ते सगळ्यांना दिसलेलं बरं." मी दुसऱ्या टोकाला माझा डबा उघडायचे. एकदा त्यांना सुरमईची तळलेली तुकडी देऊ केली. आपल्याकडे समोर माणूस कोरडा पाव चावत असताना आपण मासे खायचे हे कसं जमायचं? त्यांनी हात जोडले. आपल्यासारखे नीट जोडता आले नाहीत, पण जोडले. "काम संपल्यावर," म्हणाले. घरी जेवायला बोलावलं तेव्हाही तेच उत्तर आलं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? एका तुकडीनं पूल उभा राहणार होता की पडणार होता?

मग त्या उघड्या दाराच्या खोलीत ते थोडं थोडं बोलायला लागले. गव्हाच्या शेतावर जन्मले. लहान गावात वकिली केली. तरुणपणीच जज्ज नेमले गेले आणि बर्फातून गाडी हाकत गावोगावी खटले चालवत फिरले. गाव एवढंसं, म्हणजे खाणावळीत शेजारी बसलेला माणूस उद्या साक्षीदार म्हणून समोर यायचा, नाहीतर आरोपीचा भाऊ निघायचा. म्हणून मोटेलच्या खोलीत डब्यातलं सूप गरम करून प्यायचे. "आणि तुमचे जुने मित्र?" मी विचारलं. ते वकीलच होते. जज्ज झाल्यावर दर शुक्रवारचा पत्त्यांचा डाव सुटला. पुढे वरच्या कोर्टात गेले तेव्हा उरलेली दोन-चार घरंही सुटली. बायको होती तोपर्यंत घरात बोलणं होतं. ती गेली आणि तेही संपलं. हे सगळं ते तक्रार केल्यासारखं सांगत नव्हते. गावाकडच्या थंडीबद्दल बोलावं तसं बोलत होते, आणि मी माझ्या डब्याकडे बघत ऐकत होते.

हे त्यांचं शेवटचं काम होतं. यानंतर तळ्याकाठच्या घरी जाऊन मासे पकडणार होते. "इतक्या वर्षांत माझ्यावर एकदाही कोणी बोट ठेवलं नाही," असं ते एकदाच म्हणाले, आणि लगेच लाजल्यासारखे खिडकीबाहेर बघायला लागले.

आता माझ्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. इनास. सर ज्या हॉटेलात उतरले होते तिथल्या रेस्टॉरंटात तो कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुकादम, होता. मस्कत एवढंसं गाव, असं होतंच. खायला घालणं हा इनासचा धंदाही होता आणि व्यसनही. दर शुक्रवारी मिसा झाली की चर्चच्या आवारात याच्या हातात केकचा डबा असायचाच. वसईहून सुकेळी आली की आमच्या वाट्याला चार उरायची, बाकी मजल्यावर वाटलेली. आणि तोंडात तीळ भिजत नाही असा माणूस. त्यामुळे ऑफिसातलं मी त्याला काही सांगत नसे. सांगायचं नाही अशी माझी नोकरीची अटच होती. भांडण कोणाकोणाचं, पूल कोणाचा, त्याला काही ठाऊक नव्हतं. सर आमच्याकडे कामाला बसतात एवढंच ठाऊक होतं, आणि 'माझी बायको तुमची स्टेनो' हे त्यानं त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. नावं घरी न्यायची नाहीत हा नियम मी पाळला, आणि त्या नियमानंच आमचा घात केला.

एका सकाळी नाश्त्याच्या वेळी सरांनी त्याला विचारलं, की रस्त्याकडेच्या झाडांना ते पिवळे घोस कसले लागलेत? बस्स. इनासला एवढं पुरे. त्याच दिवशी हॉटेलात रुतबाच्या टोपल्या आल्या होत्या. इथला एक बडा अर्बाब, म्हणजे मालक, दर उन्हाळ्यात आपल्या रुस्ताकच्या बागेतला पहिला रुतब बँकांत, ऑफिसांत, हॉटेलांत वाटायचा. त्याच्या घरच्या लग्नांच्या पंगती इनासनं वाढलेल्या, म्हणून एक टोपली खास इनासच्या नावानं यायची. त्यातले उत्तम निवडून, धुऊन, पांढऱ्या रुमालावर मांडून इनासनं ते स्वतः नेऊन सरांच्या खोलीत ठेवले. स्वतःच्या वाट्याचे ठेवले. हॉटेलचे नव्हेत.

दुसऱ्या दिवशी सर नाश्त्याला आले ते हसतच. फार गोड होते म्हणाले. इतकं गोड, ताजं फळ कित्येक वर्षांत खाल्लं नव्हतं म्हणाले. इनास फुलला. आणि त्यानं सांगितलं, "सर, बाजारचा नाही. आमच्या अर्बाबच्या बागेतला आहे, रुस्ताकचा." वर त्या अर्बाबचं नावही घेतलं, मोठ्या अभिमानानं. सरांनी चमचा खाली ठेवला. "मला वाटलं त्यांना साखरेचा त्रास आहे," इनास मला नंतर म्हणाला. "इतका चेहरा उतरला गं त्यांचा."

तो अर्बाब म्हणजे पुलाच्या भांडणातली इथली बाजू.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी नेहमीसारखी पेन्सिली टोकदार करून बसले होते. सर आले, उभ्या उभ्या माझ्याजवळ वाकले आणि म्हणाले, "मिसेस फिलोमिना, मला क्षमा करा. मी आता बोलेन ते जसंच्या तसं उतरवून घ्या." मग खुर्चीवर बसून त्यांनी दोन्हीकडच्या वकिलांना सांगितलं, की काल आपल्या खोलीत फळं ठेवली गेली, आपण ती खाल्ली, आणि आज सकाळी कळलं की ती एका पक्षकाराच्या बागेतली होती. ठेवणाऱ्याचा हेतू निर्मळ होता असा आपला पूर्ण विश्वास आहे. ठेवणारा हॉटेलचा कर्मचारी, नाव इनास, आणि तो समोर बसलेल्या स्टेनोग्राफरचा पती आहे.

माझा हात चालत राहिला. शॉर्टहँडचं असंच असतं, कान आणि हात यांच्यामध्ये डोकं लागत नाही. नवऱ्याचं नाव मी त्या खुणांमध्ये उतरवलं, त्यापुढे 'पती' उतरवलं, आणि मग पेन्सिल थांबली तेव्हा मला कळलं की काय लिहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या खोलीत माझ्याकडे कोणी कधी बघितलं नव्हतं. मेले असते तर बरं, असं वाटलं.

परदेशी कंपनीचा वकील मोठा गोडबोल्या होता. त्यानं वेळ मागितला आणि दुपारनंतर उभा राहिला. सरांच्या सचोटीबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही, म्हणाला. मग एक 'परंतु' आला आणि त्या परंतुच्या मागे पुष्कळ काही आलं. सरांनी त्याला मध्येच थांबवलं. "तुम्हाला मागायला लागू नये. मी स्वतःच बाजूला होतो." कागद आवरले, बॅग उचलली आणि सगळ्यांना मान लववून निघून गेले. सगळं काम नव्या माणसापुढे पहिल्यापासून सुरू होणार होतं.

घरी आले तर इनासला हॉटेलातून कळलंच होतं. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"मी विष घातलं होतं काय गं त्यात?" तो म्हणाला.

"नाही रे."

"मग? पाहुण्याला पहिलं फळ दिलं. माझ्या बापानं हेच केलं, आजानं हेच केलं. तू एकदा तरी बोलायचंस, की केस त्या अर्बाबची आहे."

"मला बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे."

"हो. तुम्हा सगळ्यांना नियम आहेत. मलाच तेवढा नाही." आणि तो रडायला लागला. लग्नानंतर आई गेली तेव्हा रडला होता, त्यानंतर हेच. मी गॅसवर पाणी ठेवलं.

शहरात हसण्याची साथ आली. वकिलांच्या ऑफिसांतून गोष्ट फिरली, 'कॅनडाचा जज्ज खजूर खाऊन गेला' अशी. खाऊन गेला, म्हणजे दोन्ही अर्थ ऐकणाऱ्यानं आपापले घ्यावेत. ज्या माणसानं आयुष्यभर कोणाच्या घरचं पाणी प्यायलं नाही, त्याच्या नावाला शेवटी टोपलीभर फळं चिकटली. इनासला हा विनोद हॉटेलातल्याच एका वेटरनं सांगितला, टोपली कोणाची ते माहीत नसताना.

सर निघायच्या आदल्या शुक्रवारी माझा फोन वाजला. "आता मी कोणाचाच जज्ज नाही," ते म्हणाले. "ते जेवणाचं आमंत्रण अजून आहे का?"

मी हो म्हटलं आणि मग घाबरले. इनासनं सुरमईला हात लावायला नकार दिला. "माझ्या हातचं त्यांना काही द्यायचं नाही," म्हणाला. कालवण मी केलं, तांदळाच्या रोट्या मी भाजल्या. सर टॅक्सीतून उतरून आमचा तो वासाचा जिना चढून आले. आमची मुलगी इंग्रजीत त्यांच्याशी पटापट बोलली, तेवढाच काय तो घरात आवाज. इनास आतल्या खोलीत बसून राहिला होता. सर ताटावर बसलेच नाहीत. ते आत गेले, पलंगाच्या कडेला त्याच्या शेजारी बसले. मी दारात.

इनासनं जमिनीकडे बघत आपल्या हॉटेलच्या इंग्रजीत विचारलं, "सर, तुम्ही बोलला नसतात तर कोणाला कळलं असतं?"

"कोणालाच नाही," सर म्हणाले. "पण ऐका. आमच्याकडे एका गावात एक छोटा न्यायाधीश होता. दर हिवाळ्याआधी गावातला एक शिकारी त्याच्या घरी हरणाचं मांस देऊन जायचा. पूर्वापार देत आला होता, हा न्यायाधीश व्हायच्या आधीपासून. पुढे त्या शिकाऱ्याचं प्रकरण त्याच्यापुढे आलं. त्यानं निकाल बरोबरच दिला होता. पण मांसाबद्दल बोलला नव्हता. चौकशी माझ्याकडे आली. मी त्याला काढायला सांगितलं."

"तो तुमचा कोण होता?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"आम्ही एकत्र मासे पकडायला जायचो," सर म्हणाले. "त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. मेला तोपर्यंत नाही. आता मी गप्प बसलो असतो, तर मग त्याला कशासाठी काढलं होतं मी?"

इनास म्हणाला, "त्याचं चुकलं होतं, सर. माझं काय चुकलं?"

"तुमचं काहीच चुकलं नाही."

"मग मला इतकं वाईट का वाटतं?"

इतके निवाडे लिहिलेला माणूस, त्यानं इनासचा हात धरून त्याला उठवलं. मग मी वाढलं, आणि इनास बाहेर येऊन बसला. सरांनी बोटांनी कालवण खाल्लं, शर्टावर सांडलं, मुलगी हसली. सुकेळं तोंडात टाकून त्यांनी हे काय म्हणून विचारलं, आणि इनासनं नको नको म्हणत का होईना, केळं उन्हात कसं वाळवतात ते सांगितलं. जाताना सर म्हणाले, की जज्ज झाल्यापासून कोणाच्या घरी मन मोकळं ठेवून बसलो तो हा पहिला दिवस. चांगलं बोलले. पण त्यासाठी केवढी किंमत मोजली होती ते आम्हा तिघांनाही माहीत होतं, त्यामुळे कोणी हसलं नाही.

इनासला शिक्षा करू नका असं सरांनी मॅनेजरला सांगितलं होतं. मॅनेजर हो म्हणाला. सरांचं विमान गेलं आणि थोड्याच दिवसांत इनासची बदली स्टोअरमध्ये झाली. ताटं, रुमाल, साबणाचे खोके. पगार तोच. गिऱ्हाईक समोर नाही. मी म्हटलं बरं झालं, पाय दुखायचे तुझे. चर्चच्या आवारात हल्ली तो हात खिशात घालून उभा असतो. नाताळात शेजाऱ्यांकडे ताटं मी नेते. कोणी नवीन कुटुंब मजल्यावर आलं तर पूर्वी हा पहिला दार ठोठावायचा, आता पीपहोलमधून बघतो. माणसाचा स्वभाव असा मुळापासून उपटता येतो हे मला माहीत नव्हतं. त्याच्या हातून खाल्लेल्या कित्येकांना आठवणही नसेल. मला त्या हातांची फार आठवण येते, आणि ते हात तर घरातच आहेत.

मागच्या आठवड्यात ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी कॅनडाच्या पेपरातली बातमी टाकली. सर गेले. फोटो तरुणपणचा होता, झगा घातलेला, कान तेवढे ओळखू आले. मी फोन इनासपुढे धरला. त्यानं चष्मा लावला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचायला बसला. गव्हाचं शेत, वकिली, बर्फातली गावं, वरचं कोर्ट, मुख्य न्यायाधीश, चौकशी समित्या, विद्यापीठांचे मान, तळ्याकाठचं घर. शेवटी पोचला आणि परत वरून सुरू केलं. मी भाजी चिरत त्याच्याकडे बघत होते. इतकी वर्षं तो या कागदाची वाट बघत होता, हे मला तेव्हा कळलं.

"नाही गं लिहिलेलं," तो म्हणाला.

"काय?"

"माझं. त्या सकाळचं. कुठेच नाही." त्यानं मोठा श्वास सोडला. मलाही हायसं वाटलं. म्हटलं सुटला बिचारा, आता तरी झोपेल नीट.

त्यानं बातमी आणखी एकदा वरून खाली सरकवली. मग म्हणाला, "आपल्याकडे जेवले होते, तेही नाही."